वजन उतरवा, ताकद नको



१ जून ते ३१ जुलै, बंदीचे ६१ दिवस. काम बसून जाळी शिवायचे, खाणे मात्र दर्यावर असल्यासारखेच. पोट सुटणारच. मग जुलै संपता संपता काहीजण एकदम जेवणच सोडतात. हे धोक्याचे आहे. उपाशी माणसाला घरी चक्कर आली तर खाट असते, विंचजवळ आली तर काय?

आठवड्याला अर्धा किलो उतरले तरी पुष्कळ झाले. भात निम्मा करा, बंद करू नका. मासा सोडू नका, तळणे सोडा. १ ग्रॅम तेलात ९ कॅलरी, १ ग्रॅम प्रथिनात ४. तोच बांगडा भाजून खाल्ला तर पोट भरते आणि अंगातली ताकदही टिकते. सकाळी पेज किंवा नाचणीची आंबील घ्या, सोबत उसळ. बोटीवर बिस्किटांऐवजी चणे, केळी न्या. तहान लागायची वाट न बघता पाणी प्या.

साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नका. साखर एकदम उतरू शकते. घाम फुटला, हात थरथरले, बोलणे अडखळले तर लगेच तीन-चार चमचे साखर पाण्यातून द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, बोट थेट किनाऱ्याकडे वळवा.

बोटमालकांना आमची विनंती: खलाशांपैकी कोणाला साखर आहे ते निघण्यापूर्वी विचारा, आणि साखरेचा डबा हाताशी ठेवा.