दख्खनची द्राक्षे : हवामान, छाटणी आणि वाण

द्राक्षवेल ही मूळची समशीतोष्ण प्रदेशातली. तिथे शरद ऋतूत पाने गळतात, कडक थंडीत वेल सुप्तावस्थेत जाते आणि वसंतात तिचे डोळे पुन्हा फुटतात. युरोपातील वाइनचे सारे वेळापत्रक या झोपेवर आधारलेले आहे. जर्मनीतील मोझेल नदीचे खोरे सुमारे 50 अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे द्राक्ष पिकण्याच्या जवळजवळ उत्तर सीमेवर येते. तिथे ऊन कमी, म्हणून सूर्याकडे तोंड केलेल्या उभ्या उतारांवर बागा लावतात. दिवसा तापलेली पाटीच्या दगडाची जमीन रात्री वेलींना ऊब देते. तिथला मुख्य वाण रीझलिंग. तो सावकाश पिकतो आणि थंडीमुळे त्याच्यातील आम्लता टिकून राहते. या वाइनला धार येते ती या आम्लतेमुळेच.

दख्खनमधले हैदराबाद मात्र सुमारे 17 अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे वेलीला झोपवील अशी थंडीच पडत नाही, त्यामुळे ती वर्षभर वाढत राहते. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने तिथे द्राक्षांना वर्षातून दोनदा बहर येतो अशी नोंद केली, ती यामुळेच. दख्खनच्या बागायतदाराने मात्र वर्षाला एकच भरघोस पीक घेण्याची पद्धत बसवली आणि हिवाळ्याचे काम कात्रीकडे सोपवले. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. तिच्यानंतर फुटलेल्या काड्यांच्या डोळ्यांत, भरपूर उन्हाच्या बळावर, पुढच्या घडांची सूक्ष्म निर्मिती होते. पावसाळा सरताना, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी केली की तेच डोळे घड घेऊन फुटतात. फळ कोरड्या, थंड महिन्यांत वाढते आणि उन्हाळ्याच्या तोंडावर काढणीला येते.

याच पद्धतीने हैदराबादच्या आसपास अनाब-ए-शाही हा वाण वाढला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अब्दुल बाकर खान यांनी तो हैदराबादेत आणला, असे मानले जाते. त्याचे मणी मोठे, लांबट, पिवळसर हिरवे आणि बियांचे असतात. मांडवावर चढवलेली ही वेल हेक्टरी 35 टनांच्या आसपास उत्पन्न देते, त्यामुळे आंध्र, तेलंगण आणि कर्नाटकात ती झपाट्याने पसरली. दिलखुश हा वाणही तिच्यातूनच निवडलेला आहे. केवडा रोगाला अनाब-ए-शाही लवकर बळी पडते, ही तिची मोठी उणीव. पुढे ग्राहकांची पसंती बिनबियांच्या थॉमसन सीडलेसकडे वळली, शहर वाढले, आणि अनेक मांडवांच्या जागी वसाहती उभ्या राहिल्या.

इतके पीक देणारा हा वाण वाइनला मात्र चालत नाही. याचे कारण साखरेत आणि आम्लतेत आहे. अनाब-ए-शाहीच्या रसात साखर साधारण 14 ते 16 टक्के असते. चांगल्या वाइनला 20 टक्क्यांहून अधिक लागते. वेलीवर घडांचा भार जास्त असला की साखर आणि स्वाद वाटले जातात. म्हणून वाइनच्या द्राक्षांचे उत्पन्न मुद्दाम कमी ठेवतात. उष्ण रात्रींत मण्यांतील मॅलिक आम्ल वेगाने खर्च होते आणि रस सपक लागतो.

त्यामुळे दख्खनमध्ये वाइन रुजली ती नाशिकच्या उंचावर, जिथे हिवाळ्यात दिवस उबदार आणि रात्री थंड असतात. तिथल्या सुला या वाइन कंपनीची पहिली लागवड 1990 च्या दशकातली. महाराष्ट्र शासनाने 2001 मध्ये वाइन धोरण जाहीर केले आणि पुढे 'नाशिक व्हॅली वाइन'ला भौगोलिक मानांकनही मिळाले. शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यो ब्लाँ हे पांढरे, तर शिराझ आणि कॅबर्ने सोव्हिन्यो हे काळे वाण इथे प्रामुख्याने घेतले जातात. युरोपात सप्टेंबर-ऑक्टोबरला होणारी काढणी इथे जानेवारी ते मार्चदरम्यान होते.

आज महाराष्ट्रातील द्राक्षांवर पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय संशोधन केंद्र काम करते, तर हैदराबादेतील राजेंद्रनगरचे द्राक्ष संशोधन केंद्र वेगवेगळे वाण जतन करते. हे जतन मोलाचे आहे. अवकाळी पावसाने केवडा आणि भुरी हे रोग वाढत असताना, रोगाला टिकणारा आणि उन्हातही आम्लता राखणारा नवा वाण घडवायचा, तर त्यासाठी लागणारे गुण अशाच संग्रहांतून शोधावे लागतात.