कोथिंबिरीला तेलाची सोबत का हवी?

मुळशी तालुक्यातील नेरे गाव असो की नागपूर शहर, कोथिंबिरीवाचून आपले कालवण सजत नाही. तिच्या पानांत बीटा-कॅरोटिन नावाचे नारिंगी रंगद्रव्य असते. हिरव्या हरितद्रव्यामागे ते झाकलेले असते, म्हणून आपल्याला दिसत नाही. आपले शरीर त्यापासून ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते. हे जीवनसत्त्व कमी पडले, तर आधी रातांधळेपणा येतो आणि पुढे दृष्टीही जाऊ शकते. म्हणूनच भारतात 1970 साली लहान मुलांना त्याचे डोस पाजण्याची राष्ट्रीय योजना सुरू झाली.

मग भरपूर कोथिंबीर खाल्ली, की झाले का? नाही! पोटात जाणे वेगळे आणि अंगी लागणे वेगळे.

कॅरोटिन पानांच्या पेशींत कोंडलेले असते. चिरणे, वाटणे, शिजवणे आणि नीट चावणे यांमुळे पेशींच्या भिंती फुटून ते मोकळे होते. पण ते पाण्यात विरघळत नाही, तेलातुपात विरघळते. लहान आतड्यात पित्तरसामुळे तेलातुपाचे अतिसूक्ष्म कण बनतात. त्यांच्याबरोबर कॅरोटिन आतड्याच्या अस्तरातील पेशींत शिरते. तेथे एक विकर त्याचे ‘अ’ जीवनसत्त्व बनवते. ते लसीकावाहिन्यांतून रक्तात जाते व यकृतात साठते. जेवणात तेलतूप मुळीच नसेल, तर बरेचसे कॅरोटिन मलावाटे वाया जाते.

एक प्रयोग करा. दोन वाट्यांत गाजराचा कीस घ्या. एकीत कोमट पाणी व दुसरीत मोठ्यांच्या मदतीने कोमट केलेले तेल ओता. थोड्या वेळाने पाहा. तेल नारिंगी झालेले दिसेल, पाणी मात्र फारसे रंगणार नाही.

शास्त्रज्ञांचा हिशेबही बदलत गेला. अन्नातील 6 मायक्रोग्रॅम बीटा-कॅरोटिनपासून 1 मायक्रोग्रॅम ‘अ’ जीवनसत्त्व मिळते, असे 1967 साली धरले होते. अमेरिकेतील तज्ज्ञांनी 2001 साली हा आकडा 12 केला. तेलात विरघळलेले बीटा-कॅरोटिन मात्र 2 मायक्रोग्रॅमच पुरते!

आता आपल्या स्वयंपाकघराकडे पाहा. कोथिंबीर वडीत जुडीच्या जुडी लागते आणि ती वडी तेलात परतली जाते. चटणीत कोथिंबिरीबरोबर शेंगदाणे वाटतात, त्यांतही तेल असतेच. पालेभाजीला तर फोडणी हवीच. तेल फार लागत नाही. जेवणात चमचाभर असले तरी पुरते. मात्र ताटाच्या कडेला सारलेली कोथिंबीर कोणतेही तेल तुमच्या अंगी लावू शकणार नाही!