पंखा फिरतो का?

कॉम्प्युटर सुरू होत नाही, असा फोन आला की दुरुस्ती करणारा आधी विचारतो, पंखा फिरतो का? अर्धं निदान तिथेच होतं. पंखा ढिम्म असेल तर बिघाड वीज पोचवणाऱ्या भागात शोधायचा. पंखा फिरतोय पण स्क्रीन काळी असेल तर वीज पोचली आहे, घोडं पुढे कुठेतरी अडलं आहे. ग्राहक मात्र दोन्ही वेळा ‘पीसी डेड झाला’ एवढंच सांगतो.

डेस्कटॉपचं बटण वीज जोडत नाही, फक्त सूचना देतं. इंटेलने १९९५ साली एटीएक्स ही रचना आणली. तेव्हापासून भिंतीवरचं बटण चालू असलं, की बंद मशीनच्या मदरबोर्डलाही ५ व्होल्टचा बारीकसा पुरवठा मिळत राहतो. समोरचं बटण दाबलं की मदरबोर्ड एसएमपीएसला, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याला, जागं करतो. मग १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे पुरवठे सुरू होतात. ते स्थिरावल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत एसएमपीएस ‘सगळं ठीक’ असा इशारा उलट पाठवतो. तो येईपर्यंत प्रोसेसर कामाला लागत नाही.

म्हणून तपासणीही याच वाटेने करायची. सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून पाहावा. यूपीएस आणि एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला ठेवून मशीन थेट भिंतीला जोडावं. मॉनिटरची पॉवर केबल बहुतेक वेळा कॅबिनेटलाही बसते, ती अदलाबदल करून बघावी. एसएमपीएसच्या मागचं छोटं बटण साफसफाईत चुकून बंद झालेलं असतं, ही तक्रार तर नेहमीचीच. जुन्या एसएमपीएसवर ११५ आणि २३० असा आणखी एक खटका असतो. भारतात तो २३० वरच हवा. ११५ वर असताना वीज दिली तर एसएमपीएस जळू शकतो.

एवढ्याने भागलं नाही तर केबल काढून समोरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरावं. आत उरलेला भार निघून जातो आणि काही मशीन तेवढ्यावर सुरू होतात.

कधी दोष नुसत्या बटणाचा असतो. अशा वेळी जाणकार एक युक्ती करतात: मदरबोर्डवरच्या पॉवरच्या दोन पिनांवरून बटणाची वायर काढायची आणि तिथे रीसेट बटणाची वायर खोचायची. रीसेट दाबल्यावर मशीन सुरू झालं, तर नवा मदरबोर्ड घ्यायचा खर्च वाचला.

पंखा फिरतो पण डिस्प्ले येत नाही, तेव्हा संशय आधी रॅमवर. केबल काढून, कॅबिनेटच्या धातूला हात लावून रॅमची पट्टी बाहेर काढायची, सोनेरी कडेवरून खोडरबर हलकेच फिरवायचा आणि ‘कट्’ आवाज येईपर्यंत पट्टी परत दाबायची. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहायची. प्रोसेसरजवळचा चार किंवा आठ पिनांचा कनेक्टर निघाला असेल, तरी पंखे फिरतात आणि स्क्रीन काळीच राहते. वेगळं ग्राफिक्स कार्ड असूनही मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावलेली असेल, तरीही तेच. नव्या बऱ्याच मदरबोर्डवर प्रोसेसर, रॅम आणि ग्राफिक्ससाठी बारीक दिवे असतात. जो दिवा पेटून राहील तिथे अडलंय असं समजावं. तारीख-वेळ सारखी मागे जात असेल तर सीआर२०३२ हा ३ व्होल्टचा सेल बदलावा, पण त्यापायी मशीन सहसा बंद पडत नाही.

मदरबोर्डवरचे कपॅसिटर वरून फुगलेले दिसले, तर घरगुती उपाय संपले. या शतकाच्या सुरुवातीला सदोष कपॅसिटरची साथच आली होती. डेलच्या ऑप्टिप्लेक्स मालिकेतले जीएक्स२७० आणि जीएक्स२८० त्यात सापडले आणि २००५ साली कंपनीला दुरुस्तीसाठी सुमारे ३० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली.

एसएमपीएसचा डबा घरी उघडू नये. केबल काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब काही काळ टिकू शकतो. डबा बिघडला तर नवा बसवणंच बरं. फायलींची काळजी मात्र लगेच करायला नको: एसएमपीएस किंवा मदरबोर्ड गेला तरी हार्ड डिस्क बहुधा शाबूत असते आणि दुसऱ्या मशीनला जोडून वाचता येते. डिस्क कुलूपबंद करणारं विंडोजचं बिटलॉकर चालू असेल तर त्यासाठी ४८ अंकी रिकव्हरी की लागते.