रंगमंचावरचं पिस्तूल

नवख्या नटाच्या हातात पिस्तूल दिलं, की त्याचं बोट आधी जातं ते चापावर. शस्त्र हाताळण्याचं शिक्षण घेतलेला पोलीस किंवा सैनिक मात्र गोळी झाडायची वेळ येईपर्यंत बोट चापाबाहेर, सरळ ठेवतो. जाणकार प्रेक्षकाला तेवढं पुरतं. दुसरी गोष्ट वजनाची. कोल्टचं एम १९११ पिस्तूल रिकामंसुद्धा किलोभराहून जड भरतं. हलकी प्रतिकृती चमच्यासारखी फिरवली, की सोंग उघडं पडलंच.

अर्थात सफाई पात्रानुसार. इब्सेनची हेडा गॅब्लर जनरलची लेक, वडिलांची पिस्तुलं तिच्या हाताखालची. उलट चेकॉव्हचा वान्या मामा दोनदा गोळी झाडतो आणि दोन्ही वेळा चुकतो. त्याचा हात सराईत दिसला तर प्रसंगातली सगळी गंमतच गेली!

नुसत्या बारुदाच्या काडतुसात गोळी नसते, म्हणून ते निरुपद्रवी असा एक घातक गैरसमज आहे. १९८४ मध्ये अमेरिकी अभिनेता जॉन-एरिक हेक्सम यानं चित्रीकरणाच्या सेटवर असं काडतूस भरलेलं रिव्हॉल्वर गमतीनं कानशिलाला लावून चाप ओढला. त्या धक्क्यानं कवटी फुटली आणि काही दिवसांत तो गेला.

म्हणून नळी सहकलाकारावर थेट रोखत नाहीत, किंचित बाजूला धरतात. प्रेक्षकांच्या कोनातून तो फरक कळत नाही. बार विंगेतून किंवा ध्वनियंत्रणेवरून काढणं त्याहून बरं, पण हाताचा झटका आणि आवाज यांत जरा अंतर पडलं, की खुनाच्या प्रवेशाला हशा ठरलेला. प्रवेश संपताच पिस्तूल एकाच जबाबदार माणसाकडे जातं आणि कुलुपात बंद होतं.