हॉटेलात उरलेले : पोटात, डब्यात की गोठ्यात?

कांद्याची, कापसाची नाहीतर मोसंबीची पट्टी खिशात पडली, बियाण्याची खरेदी आटोपली, की आपली पावले हॉटेलाकडे वळतात. त्यात गैर काही नाही. पहाटे चारला गाडी भरून निघालेल्या माणसाने दुपारी दोनला चार घास चवीचे खाल्ले, बरोबर घरची मंडळी असतील तर त्यांनाही खाऊ घातले, यात कोणी उधळपट्टी पाहू नये. पूर्वी हा योग वर्षातून एकदोनदा यायचा, यात्रेला किंवा कोर्टाच्या तारखेला. आता तालुक्याच्या प्रत्येक रस्त्याला धाबे झाले आहेत, आणि मुलाचा वाढदिवस असला की घरात आज चूल बंद. म्हणून हॉटेलात किती मागवावे, आणि तिथे जे उरते त्याचे पुढे काय करावे, हे शेतकरी घरानेही शिकून घ्यायला हवे. उरलेल्या अन्नाने माणूस आजारी पडतो हे सर्वांना ठाऊक असते. त्याच अन्नाने दावणीची गाय दगावते, हे मात्र पुष्कळांना गाय दगावल्यावरच कळते.

आपल्या घरांतून पान टाकू नये असा धाक लहानपणापासून असतो. ज्यांनी १९७२ चा दुष्काळ पाहिला, सुकडी आणि परदेशातून आलेली लाल मिलो खाल्ली, त्यांच्यासमोर आजही ताटात शीत ठेवून उठायची सोय नाही. हा धाक चांगलाच आहे. पण तो ज्या जेवणासाठी घडला ते जेवण निराळे होते. घरी किंवा पंगतीत वाढणारा थोडे वाढतो, पुन्हा येतो, ‘घ्या की अजून’ म्हणतो, आणि जेवणारा ताटावर आडवा हात धरतो. किती खायचे ते जेवता जेवता ठरते. हॉटेलात ते जेवण समोर यायच्या आधी, पोटात कावळे ओरडत असताना, भिंतीवरचा दरफलक वाचून ठरवावे लागते. भाजी वाटीभर येते, भात शिगोशीग येतो, आणि तो आपण मागवलेला असतो. मग शेवटी दोनच वाटा उरतात. पैसे दिलेत म्हणून पोटात कोंबायचे, किंवा टाकून उठायचे. कोंबलेले अन्न वाया गेले नाही असे आपण समजतो. परंतु भुकेवरचे ते दहा घास अंगी लागतात ते चरबी होऊन, आणि रात्रभर छातीत जळजळ होते ती वेगळीच.

तेव्हा हॉटेलात आडवा हात धरायचा तो ऑर्डर देताना.

सकाळपासून उपाशी राहून हॉटेलात जाणारा माणूस हमखास जास्त मागवतो. बाजाराला निघताना फडक्यात भाकरी-चटणी नाहीतर मूठभर शेंगदाणे आणि गुळाचा खडा बांधून न्यावा आणि लिलाव होईपर्यंत खाऊन घ्यावा. हॉटेलाचे जेवण त्यामुळे बेचव लागत नाही, एवढी खात्री बाळगा. वाढप्याला विचारावे, एक भाजी किती जणांना पुरते. रस्सा-भाजीची एक प्लेट बहुधा दोघांतिघांना होते. पाच माणसे असली म्हणजे पाच भाज्या लागत नाहीत. दोन मागवाव्यात, लागली तर तिसरी. रोटी दोन-दोन करून मागवली तर ती गरमही मिळते आणि उरतही नाही. भात अगदी शेवटी सांगावा, कारण पोट भरल्याची वर्दी डोक्याला पोहोचायला वीसेक मिनिटे लागतात. भरभर जेवणाऱ्याला ती पोहोचते तेव्हा भाताची प्लेट समोर येऊन बसलेली असते. वाग्भटाने पोटाचे चार भाग कल्पिले आहेत : दोन अन्नाचे, एक पाण्याचा आणि एक मोकळा ठेवायचा. आजचे डॉक्टर वेगळ्या शब्दांत तेच सांगतात.

पोटभर थाळीची, ज्याला हल्ली ‘अनलिमिटेड’ म्हणतात तिची, गोष्ट जरा निराळी. तिथे किंमत ठरलेली आणि वाढपी सारखा फिरत असतो. म्हणजे पंगतीचा आडवा हात पुन्हा उपयोगी पडतो. पण ‘पैसे वसूल’ हा शब्द डोक्यात घेऊन बसले की तो हात वर उचलतच नाही. पापड, भजी, ढोकळा, गोड पदार्थ पहिल्या फेरीतच ताटात पडतात, आणि भाजी-पोळीची पाळी येईपर्यंत पोट भरलेले असते. मालकाने दर लावताना दहा माणसांची सरासरी धरलेली असते. आपण चार जिलब्या जास्त खाल्ल्याने त्याचे काही बिघडत नाही. अशा थाळीतले उरलेले बहुतेक ठिकाणी बांधून देत नाहीत, हेही आधी विचारून घ्यावे. घरात मधुमेहाचे कोणी असेल तर त्याच्यासाठी साधी राईस प्लेटच बरी.

टाकलेल्या अन्नाचा हिशोब शेतकऱ्याला इतरांपेक्षा लवकर समजावा. एक किलो तांदूळ पिकायला सरासरीने अडीच हजार लिटर पाणी लागते असे भात-संशोधकांचे गणित आहे. म्हणजे पन्नास ग्रॅम तांदळाचा वाटीभर भात टाकला तर सव्वाशे लिटर पाणी टाकले. आणि कांदा! टेबलावर फुकट येतो म्हणून चिरलेल्या चकत्यांतल्या निम्म्या न शिवता खरकट्यात जातात. बाजार समितीत चार आणे-आठ आण्यांच्या फरकासाठी आपण घसा कोरडा करतो, तोच हा कांदा. (फुकट वस्तूला मोल नसते हे खरे, पण ती पिकवणाऱ्याने तरी तसे वागू नये.)

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ साली दिलेल्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेले. त्यातले साठ टक्के घराघरांतून आणि अठ्ठावीस टक्के हॉटेले, खानावळी व उपाहारगृहांतून गेले. आपल्याकडे १९६५ साली अन्नधान्याची तंगी असताना पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी सोमवारचे रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले, आणि लोकांनी ते मनावर घेतले. पुढे एप्रिल २०१७ मध्ये तेव्हाचे केंद्रीय अन्नमंत्री रामविलास पासवान यांनी विचारले होते, की जो माणूस दोनच कोळंब्या खाणार त्याच्यापुढे सहा कशाला ठेवायच्या. हॉटेलांनी किती वाढावे हे ठरवावे असा तो विचार होता. तसा कायदा काही झाला नाही, आणि माझ्या मते झाला असता तरी पाळणे अवघड होते. जेवणाऱ्याने अर्धी प्लेट मागितली तर नाही म्हणणारा मालक विरळा.

एवढे करूनही उरलेच, तर घरी न्यायला लाजू नये. पैसे आपले, अन्न आपले. मात्र काय न्यावे याचा विवेक हवा. शिजलेले अन्न उघड्या हवेत दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि एप्रिल-मे महिन्यांत, पारा बत्तीसच्या वर असताना, एका तासापेक्षा जास्त नको. तालुक्याहून गाव तीन तासांवर असेल आणि एस.टी.ची वाट पाहायची असेल तर रस्सा, दही, मासळी, पनीर हे न्यायचा मोह सोडावा. रोटी, पापड, कोरडी चटणी टिकते.

भाताविषयी विशेष सांगायला हवे, कारण आपण त्याला निरुपद्रवी समजतो. तांदळावर एका जातीच्या जंतूंची बीजे असतात, ती शिजवूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती वाढतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. आपला फोडणीचा भात आजवर बाधला नाही याचे कारण घरचा भात उरतो तो थोडा. तोही लवकर निवतो आणि बहुधा सकाळी संपतो. हॉटेलातला भात पातेल्यात किती वेळ होता ते आपल्याला माहीत नसते, आणि पिशवीत दाबून बांधला म्हणजे तो तासन्‌तास कोमटच राहतो. भात तिथेच संपेल एवढाच मागवावा. बाकीचे न्यायला घरून झाकणाचा स्टीलचा डबा न्यावा. गरम रस्सा प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊ नये, भजी वर्तमानपत्रात बांधून घेऊ नयेत; छपाईची शाई तेलाबरोबर पोटात जाते. घरी पोहोचल्यावर भाजीला खळखळून उकळी आणावी आणि त्याच जेवणात संपवावी. दुसऱ्यांदा ठेवू नये.

आता गोठ्याचा विषय, ज्यासाठी मुख्यतः हा लेख लिहायला घेतला.

रस्त्याकडेच्या धाब्यावरून किंवा कार्यालयातून उरलेला भात, पोळ्या, बुंदी टबाने आणून जनावरांना घालण्याची चाल सगळीकडे वाढली आहे. पेंडीचे भाव पाहता फुकटचे खाद्य कोणाला नको आहे? अन्नही वाया जात नाही, पुण्यही लागते, असा समज. लग्नसराई आली की माझ्या हद्दीतल्या एकदोन गोठ्यांत तरी याचा शेवट मी पाहतो. रोज थोडे थोडे घालून काही होत नाही, असे पाहून घरातला कोणी तरी रविवारी दोन घमेली ओततो. गाय चवीने खाते. गोड आणि मऊ अन्न ती कधीच नाकारत नाही. दुसऱ्या दिवशी ती वैरणीला तोंड लावत नाही.

होते ते असे. गाईच्या कोटीपोटात चारा पचवणारे असंख्य सूक्ष्म जीव असतात. त्यांना कडबा-गवताची, हळू पचणाऱ्या अन्नाची सवय असते. भात, पोळी, गोड पदार्थ झपाट्याने आंबतात आणि लॅक्टिक आम्ल सुटते. आम्ल वाढले की चारा पचवणारे जीव मरतात आणि आम्ल करणारेच उरतात. अंगातले पाणी कोटीपोटात ओढले जाते. बाहेरून दिसते ते हे : रवंथ बंद, डावी कूस फुगलेली, हाताने दाबली तर आत पाणी डचमळते, शेण पातळ व आंबूस वासाचे, जनावर दात खाते, झोकांड्या देते आणि शेवटी बसते ते उठत नाही. बारा ते छत्तीस तासांत इतके सगळे घडते. जगले तरी पुष्कळदा खुरांना सूज येऊन लंगडते, दूध तुटते. शेळीला तर याहून कमी खाद्य पुरते.

अशा वेळी घरगुती उपायांत वेळ दवडू नका. ताबडतोब पशुवैद्यकाला बोलवा आणि काय, किती व कधी खाल्ले ते लपवू नका. आम्ल मारायला खाण्याचा सोडा देतात हे खरे, पण किती आणि कसा ते डॉक्टरांनी ठरवायचे. बसलेल्या जनावराला नळ्याने पाजायला गेलात तर औषध फुप्फुसात जाऊन तेच जीव घेईल. भाकरीचा एखादा तुकडा प्रेमाने भरवणे वेगळे आणि घमेलेभर भात वेगळा. हॉटेलच्या टबात काड्या, बाटल्यांची टोपणे, प्लॅस्टिकच्या पिशव्या असतात, त्या पोटात जाऊन बसतात. कोंबड्यांना बुरशी आलेला पाव आणि लोणचे-पापडासारखे खारट अन्न, दोन्ही घातक. डुकरे पाळणाऱ्यांनी हॉटेलचे खरकटे न उकळता घालूच नये. आफ्रिकन स्वाइन फीवर हा रोग २०२० साली आपल्या देशात आला, आणि तो पसरण्याची एक वाट असले खरकटेच आहे.

मग हे अन्न जावे कुठे? गोबरगॅसच्या खड्ड्यात. शिजलेल्या अन्नातून शेणाच्या कितीतरी पट गॅस निघतो. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी याच तत्त्वावर खरकटे व पिठूळ पदार्थांवर चालणारे छोटे गॅस-संयंत्र तयार केले, आणि २००६ साली त्याला ॲशडेन पुरस्कार मिळाला. घरी शेणाचा प्लांट असेल तर खरकटे कुस्करून, पाण्यात कालवून रोज थोडे टाकावे आणि हळूहळू वाढवावे. एकदम टब ओतलात तर गाईच्या पोटासारखाच खड्डाही आंबतो आणि गॅस बंद पडतो. हाडे व लिंबाच्या साली टाकू नयेत. गांडूळखताच्या वाफ्यात मात्र तेल-मिठाचे अन्न चालत नाही, गांडुळे मरतात.

ज्यांच्या स्वतःच्या जमिनीत रस्त्याला लागून धाबा आहे, त्यांना दोन शब्द. अर्धी प्लेट दरफलकावर लिहा. न लिहिलेली वस्तू गिऱ्हाईक संकोचाने मागत नाही. न वाढलेले, भांड्यात राहिलेले चांगले अन्न गरजूंना द्यायचे असेल तर ते दोन तासांच्या आत पोहोचेल अशी माणसे आधीच जोडून ठेवा. अशा वाटपासाठी अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१९ साली नियमही केले आहेत. आणि मोरीपाशी दोन टब ठेवा. एकात कच्चा पाला : कोबीची वरची पाने, मेथीचे देठ, फ्लॉवरचा पाला. दुसऱ्यात शिजलेले. गोठ्याकडे पहिला टब न्यायचा, तोही कांद्याची टरफले व चकत्या बाजूला काढून, कारण कांदा फार झाला की जनावराच्या अंगातले रक्त कमी होते. दुसरा टब गॅसच्या खड्ड्याकडे. टबांना रंग वेगळे द्या, म्हणजे रात्री काम करणाऱ्या पोराचा घोटाळा होणार नाही.