गाडीच्या आतला आंधळा विश्वास

अमेरिकेतल्या सेंट लुईसजवळच्या महामार्गावर 2015 मध्ये एक जीप चेरोकी धावता धावता मंदावली. चालक ॲक्सिलरेटर दाबत होता, पण गाडी दाद देईना. चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक हे संशोधक काही मैलांवर लॅपटॉप घेऊन बसले होते आणि चालकाच्या संमतीनेच हा प्रयोग करत होते. गाडीतली गाण्यांची व नकाशाची यंत्रणा मोबाइल नेटवर्कला जोडलेली होती. तिथून ते आत शिरले. तिच्या शेजारच्या चिपवर त्यांनी स्वतःचे सॉफ्टवेअर चढवले आणि ते कोणाकडून आले याची खातरजमा न करता चिपने ते स्वीकारले. पुढे जीप बनवणाऱ्या फियाट क्रायस्लरला दुरुस्तीसाठी 14 लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. मात्र दोष एका कंपनीपुरता नव्हता. इंजिन, ब्रेक, दिवे, दरवाजे यांचे संगणक बहुतेक गाड्यांत ज्या 'कॅन' जाळ्यावरून एकमेकांशी बोलतात, ते बॉशने 1980च्या दशकात घडवले. त्यावरचा संदेश कशाबद्दल आहे हे कळते, कोणी पाठवला हे कळत नाही. गाडी बाहेरच्या जगाशी बोलत नव्हती तोवर हा विश्वास खपून गेला.

यावर कोणी म्हणेल, तज्ज्ञांना दीर्घ खटपटीनंतर जमलेली गोष्ट भुरट्या चोराला कुठून जमणार? शिवाय इंटरनेटच नको म्हटले की प्रश्न मिटला. पण चोरांनी इंटरनेटविनाच वाट शोधली. लंडनमध्ये 2022 साली चोरीला गेलेल्या एका टोयोटा रॅव्ह4च्या तपासातून ती उघड झाली. बंपर सैल करायचा, हेडलाइटची जोडणी काढायची आणि त्या तारांना ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यात दडवलेले उपकरण लावायचे. ते 'चावी ओळखली' असा खोटा संदेश सोडते आणि गाडी मुकाट्याने उघडते. म्हणजे बाहेरचे दार कितीही भक्कम केले तरी आतल्या प्रत्येक संदेशाची ओळख पटवल्याशिवाय उपयोग नाही.

त्याने खर्च वाढतो, हा कंपन्यांचा आक्षेप खोटा नाही. पण नंतरची मलमपट्टी त्याहून महाग पडते. जुलै 2024 पासून युरोपीय संघात सर्व नव्या गाड्यांना सायबर सुरक्षेचे नियम लागू झाले, तेव्हा पोर्शेने पेट्रोलवरच्या 'मकान' या गाडीची तिथली विक्रीच थांबवली. जुन्या रचनेत ही सुरक्षा बसवणे परवडणारे नव्हते. सुरक्षा आराखड्यातच हवी आणि गाडी रस्त्यावर असेपर्यंत ती कंपनीची जबाबदारी हवी. म्हणून नवी गाडी घेताना मायलेजबरोबर एवढेही विचारा: सॉफ्टवेअरची सुरक्षा-दुरुस्ती किती वर्षे मिळेल? उत्तर लेखी घ्या.