टर्बो मोठा हवा की गिअरबॉक्सला झेपेल तेवढाच?

सातारा-सांगली भागात विहिरीवर पंप बसवताना कुणी फक्त 'किती एचपीचा?' एवढंच विचारून थांबत नाही. पाणी किती खोल आहे, किती उंच चढवायचं आहे, तासाला किती लागतं, हे आधी पाहिलं जातं. मग हेड आणि डिस्चार्जच्या तक्त्यावरून पंप ठरतो. पलूस तालुक्यातल्या किर्लोस्करवाडीत तयार होणारे सेंट्रिफ्युगल पंप आणि कारचा टर्बो यांचं मूळ तत्त्व एकच आहे. वेगाने फिरणारा पंखा मधून आत ओढतो आणि कडेला फेकतो. पंप पाणी फेकतो, टर्बो हवा. टर्बोला वीज लागत नाही, इंजिनातून बाहेर पडणारा गरम वायूच त्याला फिरवतो.

तरीही कारचा टर्बो बदलायची वेळ आली की पहिला प्रश्न 'किती एचपी मिळतील?' हाच असतो. ऑटोमॅटिक गाडीत तो सगळ्यात शेवटी विचारायला हवा.

आधी 'सिंगल टर्बो' म्हणजे काय ते पाहू. काही सहा सिलिंडरच्या इंजिनांना दोन छोटे टर्बो असतात. ते काढून एकच मोठा टर्बो बसवणं म्हणजे सिंगल टर्बो कन्व्हर्जन. आपल्याकडे दिसणाऱ्या बहुतेक वेगवान पेट्रोल गाड्यांना मुळातच एक टर्बो असतो. त्यामुळे इथे प्रश्न उरतो तो आकाराचा.

आकार ठरतो गिअरबॉक्सवरून. फोक्सवॅगन व्हर्टस जीटी किंवा स्कोडा स्लाव्हियाचं १.५ लिटर टीएसआय इंजिन १५० पीएस ताकद आणि २५० न्यूटन मीटर टॉर्क देतं. त्यासोबत येणारा सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी, म्हणजे डीक्यू२००, हा जास्तीत जास्त २५० न्यूटन मीटरसाठीच बनवलेला आहे. म्हणजे गाडी शोरूममधून निघतानाच गिअरबॉक्स मर्यादेवर असतो. ऑक्टाव्हिया व्हीआरएस २४५ मध्ये ३७० न्यूटन मीटर आणि तेलात बुडालेला वेट क्लच आहे, तिथे थोडी मोकळीक मिळते. बीएमडब्ल्यू एम३४०आयमध्ये ५०० न्यूटन मीटर आणि टॉर्क कन्व्हर्टरवाला आठ गिअरचा बॉक्स आहे.

मॅन्युअल गाडीत क्लच कमी पडला तर जाड क्लच प्लेट टाकता येते. ड्राय क्लच डीएसजीत दोन क्लच आणि ते चालवणारं मेकॅट्रॉनिक युनिट एकमेकांत गुंतलेलं असतं, आणि तिथलं बिल टर्बोच्या बिलाशी स्पर्धा करू लागतं.

मग १.५ टीएसआयवाल्याने काहीच करू नये का? इथे थोडं गणित कामी येतं. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले इंजिनाचा फेरा. या इंजिनात २५० न्यूटन मीटर साधारण १६०० ते ३५०० आरपीएमपर्यंत टिकतो, पुढे उतरतो. तोच टॉर्क न वाढवता ५५०० आरपीएमपर्यंत टिकवला तर ताकद १९५ पीएसच्या आसपास जाते, आणि गिअरबॉक्सवरचा टॉर्क तेवढाच राहतो. त्यासाठी मिनिटाला अंदाजे ९ किलो हवा देणारा, मूळ टर्बोपेक्षा किंचित मोठा टर्बो पुरतो. त्याच आरपीएमला ३०० पीएस हवे असतील तर मात्र टॉर्क ३८० च्या वर न्यावा लागतो. ते या बॉक्सचं काम नव्हे.

मोठ्या टर्बोची दुसरी अडचण घाटात कळते. पंखा जड असल्याने तो उशिरा वेग घेतो. वाईहून पाचगणीकडे जाताना पसरणी घाटात, पुढे उसाची नाही तरी पर्यटकांची रांग असतेच, गाडी दुसऱ्या गिअरमध्ये रांगते. टॉर्क कन्व्हर्टर घसरून इंजिनाला थोडा फेरा चढवू देतो, त्यामुळे टर्बो लवकर जागा होतो. ड्राय क्लच तसा फार वेळ घसरवला तर तापतो. चालक पॅडल दाबतो, काहीच होत नाही, तो आणखी दाबतो आणि नेमकी वळणाच्या मध्यावर सगळी ताकद एकदम येते. पावसाळ्यात, पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत, ही गंमत राहत नाही.

उंचीचाही हिशेब आहे. सांगली समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटरवर, तर महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर. वर हवेचा दाब समुद्रकाठापेक्षा १५ टक्क्यांच्या आसपास कमी भरतो. समुद्रकाठी टर्बोला बाहेरच्या हवेच्या दुप्पट दाब करायचा असेल, तर तेवढाच दाब द्यायला महाबळेश्वरला त्याला २.३ पट करावा लागतो. तो जास्त वेगाने फिरतो आणि हवा जास्त तापवतो. म्हणून सांगलीत जेमतेम पुरणारा टर्बोही चुकीचाच. तक्त्यावर वर थोडी जागा शिल्लक हवी, इंटरकूलर चांगला हवा.

इंधनाचं कोडं याच मातीतलं आहे. इथल्या साखर कारखान्यांतून निघणारं इथेनॉल पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत मिसळलं जातं. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असल्याने इंजिन ठोकण्याचा, म्हणजे नॉकिंगचा, धोका कमी होतो. पण लिटरमागे त्याची ऊर्जा पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश कमी असते. तेवढीच ताकद हवी तर इंजेक्टरने जास्त इंधन फवारायला हवं. इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप कमी पडले तर मोठा टर्बो नुसती हवाच ढकलत बसतो.

शिवाय ट्यूनिंग फक्त इंजिनाच्या ईसीयूचं करून भागत नाही. गिअरबॉक्सचा संगणक टीसीयू इंजिनाकडून येणाऱ्या टॉर्कच्या आकड्यावर क्लचचा दाब ठरवतो. ईसीयूने खोटा आकडा कळवला तर क्लच सैल धरला जातो आणि घसरतो. दोन्ही एकत्र ट्यून करणारा माणूस आधी शोधावा, टर्बो नंतर.

राहता राहिला कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. गाडी एमएच-११ असो वा एमएच-१०, कंपनीची वॉरंटी तर जातेच. विमा कंपनीला बदल कळवला नसेल, तर अपघातानंतर सर्व्हेअरने बॉनेट उघडल्यावर दावा अडकू शकतो. हा खर्च टर्बोच्या कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही.